चालीचे ऋण आणि संहितेचे भान : अभंग, ध्वनिमुद्रिका आणि भजनी मंडळ

१.

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत हा सारा प्रदेश परभणी जिल्ह्यात मोडत असे. सेनगावच्या शेजारी, कयाधू नदीच्या काठी, नर्सी हे गाव आहे. परंपरा ते संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानते, आणि आषाढीनंतरच्या परतवारीला येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. ज्या औंढा नागनाथाच्या देवालयाशी नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीची कथा निगडित आहे, तेही याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या घरी राहून अभंगरचना करणाऱ्या जनाबाईंचे गंगाखेड लगतच्या परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या तीरावर आहे. अभंगवाणी आणि कीर्तनपरंपरा यांच्या उगमाशी या प्रदेशाचे असे निकटचे नाते आहे.

या परिसरातील अखंड हरिनाम सप्ताहात, काकड्यात किंवा एकादशीच्या जागरात भजन ऐकणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज यावी. मंडळी जे गातात त्यातील काही चाली पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेल्या असतात, तर काही चालींचा उगम आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि १९८० नंतर खेडोपाडी पोहोचलेल्या कॅसेटी यांत असतो. पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेला नामदेवांचा अभंग नामदेवांच्याच मुलखात पखवाज-टाळांच्या साथीने पुन्हा गायिला जातो. मात्र मंडळ जे गाते ती ध्वनिमुद्रिकेची प्रतिकृती नसते. स्वर ओळखीचे असतात, पण गती, पट्टी, साथ, आवर्तने आणि कित्येकदा कडव्यांची संख्याही बदललेली असते. ऐकलेल्या गीतापासून गाणाऱ्याची स्वतःची मांडणी कशी सिद्ध होते, तिच्यात काय टिकते, काय बदलते आणि या व्यवहारात अभंगाच्या संहितेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न संगीताइतकाच साहित्याभ्यासाचाही आहे. कारण बहुसंख्य मराठी माणसांपर्यंत अभंग पोहोचतो तो गाथेच्या पानावरून कमी आणि कानावाटे अधिक.

२.

मराठीत 'चाल' या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. विशिष्ट गीताची स्वररचना हा त्याचा एक अर्थ. आणि ज्यावर दुसरे गीत रचता किंवा गाता येईल असा साचा हा दुसरा. या दुसऱ्या अर्थाचा ठसठशीत पुरावा जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत मिळतो. नाटकातील पदाच्या वर 'चाल' असे लिहून ज्या पूर्वप्रसिद्ध गीतावर ते पद बेतले आहे त्याचे आरंभीचे शब्द देण्याची रीत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने (१८८०) आणि 'संगीत सौभद्र'ने (१८८२) साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कर्नाटकी वळणाच्या रचना अशा अनेक ठिकाणांहून चाली घेतल्या. पुढे 'मानापमान'साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवर'साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हाही रागदारीतील बंदिशी आणि ठुमरी-दादऱ्याचे नमुने त्यांच्यासमोर होते. एका गीतापासून दुसऱ्याची मांडणी करणे हा मराठी रंगभूमीचा मान्य मार्ग होता, आणि त्या मार्गाची कबुली पदाच्या डोक्यावरच छापलेली असे.

ही कबुली महत्त्वाची आहे. 'अमुक चालीवर' असे लिहिणारा कवी आपले ऋण मान्य करतो, आणि त्याबरोबर वाचकाला एक साधनही देतो. ज्याला मूळ गीत येते, त्याला नवे पदही म्हणता येते. स्वरलिपी न जाणणाऱ्या समाजात चाल पोहोचविण्याचा हा सर्वांत सोपा उपाय होता. भजनाच्या छापील पुस्तिका आणि भजनकऱ्यांच्या हस्तलिखित वह्या यांत हीच रीत पुढे चालू राहिली. फरक इतकाच की, तेथे लावणी वा ठुमरी यांच्या जागी हळूहळू लोकप्रिय भावगीताचे अथवा चित्रपटगीताचे नाव येऊ लागले.

३.

चाल एका गीतावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, याचे कारण अभंगाच्या रचनेत आहे. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका अभंगात ही गणना स्पष्टपणे सांगितली आहे. तिसऱ्या चरणापर्यंत अठरा अक्षरे आणि अखेरीस बावीस, असा तो हिशेब असून शेवटच्या आखूड चरणामुळे 'साडेतीन चरण' ही संज्ञा तेथे येते. दुसऱ्या एका अभंगात सोळा अक्षरांच्या लहान अभंगाचे स्वरूप सांगताना तालाचा आणि छंदाचा भंग होऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. म्हणजे अभंगाचा विचार मराठीत आरंभापासून अक्षर आणि ताल या दोहोंच्या मेळातून झाला आहे.

हा मेळ कसा बसतो ते पाहू. भजनी ठेका साधारणतः आठ मात्रांचा असतो. एका चरणाला एक आवर्तन आणि एका अक्षराला एक मात्रा असे ढोबळ प्रमाण धरले, तर सहा अक्षरांच्या चरणात दोन मात्रा उरतात आणि चार अक्षरांच्या चरणात चार. बत्तीस मात्रांच्या अवकाशात बावीस अक्षरे बसतात आणि दहा मात्रा मोकळ्या राहतात. गाणारा ही मोकळी जागा कधी स्वर लांबवून, कधी विश्रांती घेऊन, तर कधी 'हो', 'रे', 'देवा' अशा पूरक शब्दांनी भरून काढतो. मांडणीचे स्वातंत्र्य असते ते या दहा मात्रांत. संहिता अक्षरांची संख्या बांधून देते, पण त्या अक्षरांमधील काळ गाणाऱ्याच्या हाती सोपविते. अभंगात ऱ्हस्व-दीर्घाचा क्रम ठरलेला नसल्याने हे स्वातंत्र्य आणखी वाढते.

याचा परिणाम असा की, एका मोठ्या अभंगासाठी सिद्ध झालेली चाल दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अभंगाला, किरकोळ फेरफार करून, लावता येते. अनुभवी भजनकऱ्याला थोड्याच चाली येत असल्या तरी त्याला शेकडो अभंग गाता येतात, ते यामुळेच. चाल ही येथे एकाच गीताची मिरास न राहता अनेकांच्या उपयोगाची सामग्री ठरते.

४.

या व्यवहारात ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. रात्रभर चालणाऱ्या जागरात एक अभंग अर्धा तास आळविण्याची सवय असलेल्या परंपरेला ही मर्यादा अपरिचित होती. पाच-सहा कडव्यांच्या अभंगातून दोन-तीन कडवी निवडणे आणि बाकीची गाळणे अटळ झाले. पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट आल्यावर वेळेचे बंधन सैल झाले, पण थोडक्या कडव्यांची सवय बऱ्याच अंशी टिकून राहिली.

दुसरा बदल ध्रुवपदाचा. तुकारामांच्या गाथेच्या छापील प्रतींत अनेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस 'ध्रु.' अशी खूण असते. पहिले कडवे विषय मांडते आणि दुसरे आळविण्यासाठी असते. वारकरी पद्धतीच्या भजनात टाळकरी हेच कडवे पुनःपुन्हा म्हणतात. ध्वनिमुद्रिकेतील अभंगात मात्र बहुधा पहिली ओळ हाच मुखडा होतो आणि प्रत्येक कडव्यानंतर गायक तिच्याकडे परततो. श्रीनिवास खळे यांच्या स्वररचनेत लता मंगेशकर यांनी गायिलेल्या तुकारामांच्या अभंगांपैकी 'सुंदर ते ध्यान' हे याचे सुपरिचित उदाहरण आहे. मैफलीच्या आणि भावगीताच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे, कारण गीताची ओळख त्याच्या पहिल्या ओळीने होते. परंतु अर्थाचा भार त्यामुळे दुसऱ्या कडव्यावरून पहिल्यावर सरकतो, ही गोष्ट अभंगाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

तिसरा बदल असा की, चाल प्रथमच एका विशिष्ट संहितेशी आणि एका विशिष्ट कंठाशी कायमची बांधली गेली. १९३१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'कान्होपात्रा' नाटकातील अभंगांना मास्तर कृष्णराव यांच्या चाली होत्या. बालगंधर्वांच्या गायनातून आणि त्यांच्या तबकड्यांतून त्या घरोघरी गेल्या, आणि रंगमंचावरची भजने देवळातल्या भजनकऱ्यांनी उचलली. नामदेवांच्या 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' या अभंगाची गोष्टही अशीच आहे. पुणे आकाशवाणीशी संबंधित असलेल्या राम फाटक यांनी त्याला अहिरभैरवाच्या अंगाने चाल दिली आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजाने ती महाराष्ट्रभर नेली. या अभंगाची घडण बावीस अक्षरांच्या हिशेबात चोख बसणारी नाही. त्याच्या बहुतेक खंडांचा शेवट विठ्ठलनामाने होतो. जे जे आदराचे, जे जे आपले, ते ते नामाच्या एका शब्दात येऊन मिळते, असा त्याचा विचार आहे. चालीने ही रचना ओळखली, आणि प्रत्येक वेळी त्या नावावर येऊन ठेपण्याची जागा तिने मोकळी ठेवली. एकट्या गायकाच्या या मांडणीत समूहाच्या प्रतिसादाला वाव राहिला तो यामुळे. भजनी मंडळांनी ही रचना इतक्या सहजपणे आपलीशी का केली, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते.

उलट, हृदयनाथ मंगेशकर यांनी ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना दिलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गायिलेल्या चाली सर्वांना पाठ असल्या, तरी समूहाने गाण्यास त्या अवघड आहेत. 'पैल तो गे काऊ' सारख्या रचनेत स्वर शब्दाशब्दाबरोबर वळतो. ती चाल दुसऱ्या संहितेवर नेता येत नाही आणि टाळाच्या नियमित ठोक्यातही सहज बसत नाही. येथे चाल त्या एकाच कवितेचे भाष्य झाली आहे. कलाकृती म्हणून हे तिचे सामर्थ्य आहे, पण त्याच कारणाने भजनाचा साचा म्हणून तिचा उपयोग होत नाही. ऐकणाऱ्याला मोहविणारे प्रत्येक गीत गाणाऱ्याच्या मांडणीला बीज पुरवितेच असे नाही, हा निष्कर्ष यातून निघतो.

५.

भजनी मंडळ ध्वनिमुद्रिकेतील अभंग स्वीकारते तेव्हा होणाऱ्या फेरफारांना एक सुसंगती असते.

पहिला फेरफार पट्टीचा आणि साथीचा. मोकळ्या पटांगणात, टाळांच्या गजरात आवाज पोहोचवायचा असल्याने भजनकरी सामान्यतः उंच पट्टीत गातात. मंद्र सप्तकातील आलाप तेथे ऐकूही येणार नाही. म्हणून तो गाळला जातो किंवा वरच्या सप्तकात नेला जातो. तबल्याच्या जागी पखवाज येतो, त्यामुळे ठेक्याचे वजन पालटते. मुद्रिकेतील बासरी, व्हायोलिन वा स्वरमंडळ यांचे मधले तुकडे पेटीवाला संक्षेपाने वाजवितो, किंवा तेवढ्या जागेत मंडळी नामाचा गजर करतात. दोन कडव्यांमधील रिकामा काळ वाद्यांऐवजी नामाने भरणे, हा या मांडणीतील सर्वांत लक्षणीय पालट म्हणावा लागेल.

दुसरा फेरफार पुनरुक्तीचा. मुद्रिकेत ओळ एकदा किंवा दोनदा येते. भजनात मुख्य गायक ती सोडतो, टाळकरी झेलतात, पुन्हा गायक तिला नवी कलाटणी देतो. चालीतील अवघड हरकती गायकाकडे राहतात आणि समूहासाठी चालीचा सोपा सांगाडा वेगळा काढला जातो. एकाच चालीची ही दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. हे काम कोणी कागदावर करीत नाही, ते सरावात घडते. तथापि ते संगीतकाराचेच काम होय. कोणती जागा सर्वांची आणि कोणती एकट्याची, हे ठरविण्यास चालीची अचूक जाण लागते.

तिसरा फेरफार गतीचा. भजन संथ लयीत सुरू होऊन टप्प्याटप्प्याने चढते आणि द्रुत लयीतील गजराने संपते. मुद्रिकेतील गीत बहुधा एकाच लयीत आरंभापासून अखेरपर्यंत जाते. तीच चाल दुप्पट गतीत नेताना तिच्यातील मींड आणि बारीक स्वरसमूह गळून पडतात, आणि उरतात ते तिचे मुख्य स्वर. द्रुत लयीत जी चाल ओळखू येते तीच भजनात टिकते, असे म्हणण्यास हरकत नाही.

चौथा फेरफार साहित्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, आणि तो म्हणजे गाळलेली कडवी परत आणण्याचा. भजनकऱ्याजवळ गाथा असते किंवा पाठांतर असते, आणि वेळेची घाई नसते. मुद्रिकेने तीन कडव्यांत आटोपलेला अभंग तो संपूर्ण म्हणू शकतो, कारण साचा एकच असल्याने उरलेली कडवी त्याच चालीत बसतात. असे जेथे घडते तेथे ध्वनिमुद्रिकेने चाल दिली आणि मंडळाने संहिता राखली, अशी परस्परपूरक स्थिती निर्माण होते. जेथे हे घडत नाही, जेथे मुद्रिकेतील तीन कडवी हाच अख्खा अभंग असे मानले जाते, तेथे उरलेली कडवी एका पिढीत कानाआड होतात. ती छापील गाथेत राहतात, पण लोकांच्या ओठांवरून जातात.

६.

संहितेचे भान सुटले तर काय होते, याचे एक ठळक उदाहरण मराठीत आहे. प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी गायिलेले 'आधी बीज एकले' हे गीत शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे; चाल केशवराव भोळे यांची. ते तुकारामांच्या भाषेत आणि वळणात इतके चपखल उतरले की, अनेकांनी त्याला तुकारामांचाच अभंग मानले. आठवले यांच्या कवित्वाला मिळालेली ही मोठी दाद खरी. परंतु गाण्याचा प्रभाव संहितेच्या कर्तृत्वाचा निर्णयही परस्पर करून टाकतो, हेही त्यातून दिसते. कवीचे नाव लोपले आणि संताच्या नावावर एक रचना वाढली.

चालीच्या कर्त्याचेही असेच होते. भजनात चाल ओळखली जाते ती गायकाच्या नावाने. 'भीमसेनांची चाल' असे म्हणताना राम फाटक यांचे नाव मागे पडते. संतांच्या रचनांवर कोणाचा प्रताधिकार नाही, पण स्वररचना ही संगीतकाराची निर्मिती असून १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही तिला स्वतंत्र संरक्षण दिले आहे. धार्मिक विधीतील प्रामाणिक गायनाला त्या कायद्यात सवलत आहे. तेव्हा भजनी मंडळासमोरील प्रश्न कायद्यापेक्षा कृतज्ञतेचा अधिक आहे. जुन्या नाटकाच्या पुस्तकात 'चाल' या शब्दापुढे जी ओळ असे, तिच्याइतकी साधी नोंद भजनाच्या वहीत करता येण्यासारखी आहे.

चित्रपटगीताच्या चाली भजनात याव्यात की नाहीत, हा वादही येथे विचारात घ्यावा लागतो. जुन्या वळणाचे वारकरी अशा चालींना हरकत घेतात. त्यांचे म्हणणे असे की, चालीबरोबर मूळ गीताचे शब्द आणि प्रसंग श्रोत्याच्या मनात जागे होतात आणि अभंगाकडचे लक्ष उडते. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि चालीचा उगम लौकिक आहे एवढ्यावरून ती त्याज्य ठरविली, तर लावणी आणि ठुमरी यांच्यापासून उभे राहिलेले मराठी नाट्यपद, आणि त्याच्या वाटेने देवळात आलेले कितीतरी अभंगही नाकारावे लागतील. उगमापेक्षा परिणाम तपासणे अधिक न्याय्य होईल. त्यासाठी तीन कसोट्या पुरेशा वाटतात. चालीमुळे चरणाचा यती मोडून शब्द भलत्या ठिकाणी तुटतो का? ध्रुवपदाचा अर्थभार ढळतो का? आणि 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा असलेले अखेरचे कडवे शाबूत राहते का? या तिन्ही कसोट्यांना उतरणारी चाल कोठूनही आलेली असो, ती अभंगाची होते.

७.

नामदेवांच्या वाणीचा एक प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदे समाविष्ट झाली. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची संख्या ६१ असून ती १८ रागांत विभागलेली आहेत. तेथे पदावर रागाचे नाव आहे आणि ध्रुवपदाच्या ओळीपुढे 'रहाउ' ही खूण आहे. स्वरलिपी मात्र नाही. कोणती ओळ आळवायची आणि कोणत्या रागाच्या मर्यादेत गायचे, हे ग्रंथाने ठरविले. बाकीची मांडणी प्रत्येक रागी जथ्याच्या प्रतिभेवर सोडली. त्यामुळे शतके लोटली तरी शब्द अभंग राहिले आणि गायन नवे होत राहिले. पंजाबातील घुमान येथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच नामदेवांच्या कार्यभूमीशी असलेले नाते जागविण्यासाठी. नर्सी येथेही गुरुद्वारा असून शीख यात्रेकरू तेथे येतात. एकाच संताची वाणी एका गावात दोन परंपरांनी गायिली जाते, आणि दोहोंनी तिला आपापली मांडणी दिली आहे.

या दोन परंपरांचा ताळा एका मुद्द्यावर जुळतो. संहिता आणि ध्रुवपद स्थिर असतील, तर मांडणीला हवे तेवढे स्वातंत्र्य देता येते. ध्वनिमुद्रिकेने गायनाचे एक रूप चिरस्थायी केले, आणि दूरच्या खेड्यातील गाणाऱ्याला थोर गायकाच्या गळ्याची ओळख करून दिली. हे तिचे उपकार लहान नव्हेत. परंतु तिचे रूप अखेरचे मानण्याची गरज नाही. राम फाटक यांनी नामदेवांचा अभंग घेऊन स्वतःची मांडणी केली, भीमसेन जोशी यांनी मैफलीगणिक ती फुलविली, आणि सेनगावच्या परिसरात पखवाजावर थाप पडते तेव्हा तीच मांडणी पुन्हा एकदा समूहाची होते. मुद्रिका हा या प्रवासातील एक टप्पा आहे. भजनकऱ्याच्या एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात गाथा आहे तोवर चालीचे ऋण फिटत राहील आणि संहितेची एकही ओळ ओठांवरून उतरणार नाही. गाथा मिटली गेली, तर मात्र चाल उरेल आणि तिच्याखालचा अभंग तीन कडव्यांचा होऊन राहील. मराठीच्या अभ्यासकाने भजनी मंडळाच्या वहीकडे लक्ष द्यावे ते याचसाठी. त्या वहीत एखाद्या अभंगाची किती कडवी उतरली आहेत आणि चालीपुढे कोणाचे नाव आहे, हे पाहिले तरी त्या गावातील अभंगाची आजची स्थिती कळून येते.